माटोळीसाठी परस

भाद्रपद शुद्ध तृतीयेच्या संध्याकाळी गोव्यातील कोणत्याही जुन्या हिंदू घरात डोकावले, तर गणपतीच्या खोलीत पुरुषमंडळी शिडीवर चढलेली दिसतात. छताला कायमची टांगलेली एक लाकडी चौकट असते. वर्षभर तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. त्या संध्याकाळी मात्र घरातील मुले एकेक जिन्नस खालून वर देत असतात आणि वरचा माणूस तो कुंभ्याच्या सालीने किंवा केळीच्या सोपटाने चौकटीला बांधीत असतो. नारळाची पेंड, सुपारीचा घड, केळ्यांचा फणा, हातभर पडवळे, दोडके, दुधी, कारली, तवशी, चिबूड, भेंडी, वालाच्या शेंगा, हळदीची पाने, आंब्याचे टाळे आणि मधूनमधून रानातील लालकेशरी फळांचे घोस. हीच माटोळी. माटव म्हणजे मांडव आणि माटोळी हे त्याचेच घरगुती, लहान रूप. सिंधुदुर्गातील घरांत तिला माटवी म्हणतात. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली गणपती बसतो.

आमच्या घरी माटोळी बांधून झाली की सासूबाई खाली उभ्या राहून वर पाहात आणि एकच प्रश्न विचारीत, “यांतले परसातले किती?” मग मुले बोटे मोडीत मोजू लागत. सोळा, सतरा, एखाद्या वर्षी एकवीस. ज्या वर्षी त्या आजारी होत्या त्याच्या पुढच्या वर्षी हा आकडा सातावर आला आणि घरच्या पडवळाच्या जागी प्रथमच विकतचे पडवळ लागले. दिसायला ते चांगले होते. सासूबाईंनी वर पाहिले, नेहमीचा प्रश्न मात्र त्या वर्षी विचारला नाही. आम्हांलाही उत्तर द्यावे लागले नाही, पण त्या न विचारलेल्या प्रश्नाने मला परसबाग शिकवली असे मी आज म्हणू शकते.

चवथीच्या आधी दोनतीन दिवस पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा येथे माटोळीचा बाजार भरतो. खेड्यापाड्यांतून आणलेले सर्व जिन्नस तेथे मिळतात. ज्यांना अंगणच उरलेले नाही त्यांनी ते घ्यावेत; त्यात कमीपणा काही नाही आणि विकणाऱ्यांनाही चार पैसे मिळतात. पण ज्यांच्या घरामागे अजून दहा हात जमीन आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माटोळी ही सजावट होण्याआधी परसाचा हिशेब असते. त्या पावसाळ्यात आपल्या जमिनीने आणि आपल्या हातांनी काय पिकवले, ते वर्षातून एकदा देवापुढे आणि शेजाऱ्यांपुढे टांगून दाखवायचे असते. हा हिशेब चवथीला मांडायचा तर त्याची सुरुवात वैशाखात करावी लागते. ती कशी करावी हेच या लेखात सांगायचे आहे.

चंद्राची चवथ आणि सूर्याचा पाऊस

आपल्याकडील पेरणी नक्षत्रांवर चालते. रोहिणी साधारण २५ मेला लागते, मृग ७–८ जूनला, आर्द्रा २१–२२ जूनला, पुनर्वसू जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पुष्य २० जुलैच्या सुमारास आणि मघा ऑगस्टच्या मध्यावर. ही पावसाची नक्षत्रे सूर्याची असल्यामुळे इंग्रजी तारखांशी त्यांचा मेळ जवळजवळ पक्का असतो. चवथ मात्र तिथीची, म्हणजे चंद्राची. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून ती दरवर्षी अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेते. २०२० साली ती २२ ऑगस्टला होती, २०२३ साली अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली. २०२५ साली २७ ऑगस्ट, तर २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबर. म्हणजे सण जवळजवळ महिनाभर पुढेमागे होतो, पण मृगाचा पाऊस काही अधिक मासासाठी थांबत नाही.

परस सांभाळणाऱ्या गृहिणीला म्हणून दोन पंचांगे एकदम पाहावी लागतात. “मृगाला बी टाकले की झाले” हा नियम धान्याला पुरतो, माटोळीला पुरत नाही. ज्या वर्षी चवथ उशिरा असते त्या वर्षी मृगाला घातलेली तवशी श्रावणातच संपून जातात आणि वेल पिवळा पडतो. ज्या वर्षी ती लवकर असते त्या वर्षी आर्द्रात घातलेल्या पडवळाला चवथीपर्यंत नुसती फुले दिसतात. सासूबाईंची रीत सोपी होती. नवे पंचांग घरात आले की त्या आधी भाद्रपदाचे पान उघडीत, चवथीची तारीख पाहात आणि तेथून मागे दिवस मोजीत.

हे दिवस असे मोजावे. पेरल्यापासून पहिली तोड मिळेपर्यंत भेंडीला ४५ ते ५० दिवस लागतात. कोवळ्या काकडीला ५० च्या आसपास, पण माटोळीला शोभेल असे मोठे, भरलेले तवशे हवे असेल तर ७० ते ७५ धरावेत. दोडका ५५ ते ६०, दुधी आणि कारले ६०, पडवळ ६५, चवळीच्या शेंगा ५० ते ६०. लाल भोपळा मात्र सर्वांत संथ. पिकून कडक व्हायला त्याला १०० ते १२० दिवस हवेत.

या आकड्यांत आणखी दहाबारा दिवसांची भर घालावी, कारण हे दिवस उघडिपीच्या हवामानाचे आहेत. गोव्यात जुलै महिना सर्वांत अधिक पावसाचा. आठआठ दिवस सूर्याचे दर्शन नसते, वेलींची वाढ मंदावते आणि मधमाश्या बाहेर पडत नाहीत. म्हणजे पडवळाचे ६५ दिवस प्रत्यक्षात ७७ होतात. चवथ २७ ऑगस्टला असेल तर पडवळाचे बी ११ जूनला रुजत घातलेले असावे. १४ सप्टेंबरला असेल तर २९ जूनपर्यंत अवकाश मिळतो. लाल भोपळ्यासाठी ११० दिवस धरले, तर पहिल्या वेळी ९ मे आणि दुसऱ्या वेळी २७ मे ही तारीख येते. याचा अर्थ भोपळा पावसाची वाट पाहून लावताच येत नाही. तो विहिरीच्या कडेला, भांडी घासण्याच्या पाण्यावर, उन्हाळ्यातच लावावा लागतो. आपल्या आज्या न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर भोपळ्याचा वेल का चढवीत, याचे उत्तर या हिशेबात आहे.

तारखेचा इतका हिशेब करूनही पाऊस आपल्या मनासारखा पडतोच असे नाही. म्हणून प्रत्येक वेलाची पेरणी दोनदा करावी. पहिली हिशेबाच्या तारखेला आणि दुसरी तीन आठवड्यांनी. एक चुकली तर दुसरी साधते, आणि दोन्ही साधल्या तर शेजारी आहेतच.

पावसातले आळे

पणजीसारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १२० इंच पाऊस पडतो. सत्तरी, सांगे यांसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या भागांत तो याहून बराच अधिक असतो, आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अशा पावसात भाजी पाण्यावाचून मरत नाही, ती पाण्याने मरते. उन्हाळ्यात आळे म्हणजे खळगा. पावसाळ्यात आळे म्हणजे उंचवटा, हे पहिले सूत्र ध्यानात ठेवावे. दीड हात रुंद आणि वीतभर उंच असा मातीचा ढीग करून त्याच्या माथ्यावर रोप लावावे आणि भोवतीचे पाणी चरातून दूर काढून द्यावे. रोपाच्या बुडाशी एक रात्र जरी पाणी तुंबले, तरी दोन दिवसांत वेल मान टाकतो.

आपली माती जांभ्याची, तांबडी आणि मुळातच आंबट. वरून पडणारा पाऊस तिच्यातील क्षार धुऊन नेतो. म्हणून मे महिन्यात, पेरणीच्या आधी दोनतीन आठवडे, आळ्यात चांगले कुजलेले शेणखत आणि चुलीची राख मिसळून ठेवावी. राखेमुळे मातीचा आंबटपणा कमी होतो आणि वेलींना फळधारणेच्या वेळी लागणारे पालाश मिळते. राख न मिळाली तर एका आळ्याला मूठभर शेतीचा चुना पुरे. सगळे खत एकदम घालू नये. पहिल्या मोठ्या सरीबरोबर त्यातले निम्मे शेजारच्या ओहोळात जाते. सुरुवातीला निम्मे, वेल मांडवाला पोचला की पाव आणि पहिली फुले दिसली की उरलेले पाव असे द्यावे.

बियाणे सरळ आळ्यात घालण्यापेक्षा वळचणीखाली रोपे तयार करणे अधिक खात्रीचे. त्यासाठी नारळाच्या करवंट्यांसारखे साधन नाही. करवंटीच्या डोळ्याला भोक पाडावे, माती, शेणखत आणि थोडी वाळू समप्रमाणात भरावी आणि प्रत्येकीत दोन बिया टोचाव्यात. पडवळ आणि कारले यांचे कवच जाड असल्यामुळे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मग लावावे. रोपाला दोनतीन खरी पाने आली की पाऊस जरा ओसरलेला असताना, संध्याकाळच्या वेळी, मुळांची माती न विसकटता ते उंचवट्यावर लावावे. वेलवर्गीय भाज्यांची मुळे दुखावलेली त्यांना मुळीच सोसत नाहीत.

हळद, आले आणि अळू यांना एवढे कौतुक लागत नाही. हळदीचे गड्डे मेअखेर लावले की श्रावणात पातोळ्यांना पुरतील इतकी पाने मिळतात आणि माटोळीलाही चार पाने राहतात. हळद स्वतः निघते ती माघात. पण आपल्याला चवथीपुरते तिच्या पानांशी काम. भेंडी लावायची असेल तर सांत इस्तेव्ह बेटावरची सात शिरांची भेंडी पाहावी. तिला आता भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. फळ लांब, फिकट हिरवे आणि बरेच दिवस कोवळे राहणारे असते.

फुलापासून फळापर्यंत

वेल मांडवावर पसरला, फुलांनी भरला आणि तरीही फळ एक नाही, अशी तक्रार दर पावसाळ्यात ऐकू येते. कोणी दृष्ट लागली म्हणते, कोणी बियाण्याला दोष देते. कारण बहुधा साधे असते. या वेलींवर नरफुले आणि मादीफुले वेगळी येतात. मादीफुलाच्या देठाशी इवलेसे फळ आधीच दिसते. नरफुलाला नुसता देठ असतो. आरंभी केवळ नरफुलेच येतात, त्यामुळे पहिले आठदहा दिवस काळजी करू नये. त्यानंतरही फळ धरत नसेल तर पावसामुळे माश्या फिरकत नाहीत असे समजावे आणि त्यांचे काम आपण करावे. नुकते उमललेले नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि आतील पिवळा पराग मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. तवशे आणि लाल भोपळा यांची फुले सकाळी उमलतात, दोडक्याची आणि दुधीची संध्याकाळी. सासूबाई एका हातात छत्री आणि एका हातात कंदील घेऊन दुधीच्या मांडवाखाली उभ्या असत, ते शेजारच्या मुलांना भुताखेतांच्या गोष्टींसारखे वाटे.

मांडव पुरुषभर उंच असावा. पडवळ मोकळे लोंबकळले तरच सरळ वाढते. ते वळू लागले तर टोकाला सुतळीने लहानसा खडा बांधण्याची आपली जुनी युक्ती आजही तितकीच उपयोगी आहे. खालची पिवळी आणि भुरी धरलेली पाने आठवड्याला काढून टाकावीत, म्हणजे वारा खेळता राहतो.

पावसाळी परसाचे दोन मोठे शत्रू म्हणजे गोगलगाय आणि फळमाशी. गोगलगायींसाठी राखेचे कुंपण करतात, पण पावसात ते तासभरही टिकत नाही. त्यापेक्षा तिन्हीसांजेला आळ्याशेजारी एखादी ओली गोणी किंवा पपईचे पान पालथे ठेवावे आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी चिमट्याने वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. फळमाशी कोवळ्या फळाच्या सालीत अंडी घालते; फळ वाकडे होते, सडते आणि गळते. फळ बोटाएवढे असतानाच त्यावर जुन्या मलमलीची सैल पिशवी चढवावी. गळलेले फळ खताच्या ढिगावर टाकणे ही सर्वांत मोठी चूक, कारण आतील अळ्या तेथेच वाढून नव्या माश्या होतात. ते हातभर खोल पुरावे किंवा उकळत्या पाण्यात टाकावे. नरमाश्यांना ओढून घेणारे गंधसापळेही आता कृषिसामग्रीच्या दुकानांत मिळतात. त्यांमुळे फवारणी टाळता येते. ज्या फळांखाली देव बसायचा आणि जी पुढे प्रसाद म्हणून वाटायची, त्यांवर विषारी औषध मारू नये हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आणखी एक सावधगिरी. दुधी, काकडी किंवा दोडका यांचे फळ क्वचित अतिशय कडू निघते. चिरल्यावर एक लहानशी चकती जिभेला लावून पाहावी आणि कडू लागली तर सगळे फळ फेकून द्यावे. कडू दुधीचा रस पिऊन गंभीर विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत. अशा फळाचे बीही धरू नये.

रानातले घोस

माटोळीत परसाच्या जोडीने रानही असते. कांगुणीचे पिवळेकेशरी घोस, कवंडळाची लालभडक फळे, करमळ, खुळखुळणाऱ्या घागऱ्या या सर्वांवाचून माटोळी जुन्या माणसांना पोरकी वाटते. गोवा सरकारचे कला व संस्कृती खाते माटोळी सजावटीची स्पर्धा भरवते. तिच्यातील काही माटोळ्यांत शेकडो प्रकारच्या वनस्पती पाहायला मिळतात. या निमित्ताने तरुण मंडळी रानातील झाडे ओळखू लागली हे मान्य केले पाहिजे. पण दुसरी बाजूही आहे. घोस हवा म्हणून वेल मुळापासून ओढला जातो आणि बी पिकण्याआधीच फळे बाजारात येतात. पूर्वी एका घराला एक घोस लागे आणि तो घरचाच माणूस आणी. कोणत्या झाडाला किती शिल्लक ठेवायचे ते त्याला ठाऊक असे. आता तोच घोस शेकड्यांनी विकायला येतो, आणि ज्या रानातून तो येतो ते दरवर्षी थोडे थोडे उघडे पडते.

यावर परसातच उपाय आहे. कुंपणाच्या एका कोपऱ्यात एखादा रानवेल वाढू द्यावा. कवंडळाचे नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात, म्हणून दोनचार रोपे एकत्र लावावीत. एकट्या वेलाला फळ धरेलच असे नाही. फळ दिसायला देखणे, पण विषारी असते. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. पावसाळ्यात कुंपणावर आपोआप उगवणारी कळलावी माटोळीची शोभा वाढवते, परंतु तिचा कंद अत्यंत विषारी आहे. फूल तोडल्यावर हात धुवावेत आणि कंद उकरू नये. घोस कात्रीने कापावा, वेल ओढू नये आणि एकतृतीयांश फळे पाखरांसाठी व बियांसाठी वेलावरच सोडावीत.

झाडापानांशी असलेले हे नाते आपल्याकडे नुसत्या हौसेचे नव्हते. पोर्तुगीज अमदानीत उघडपणे मूर्ती पुजणे धोक्याचे झाले, तेव्हा काही घराण्यांनी पत्रीचाच गणपती करून पुजला असे परंपरेने सांगतात, आणि तो प्रघात काही घरांत अद्याप चालू आहे. मूर्ती नसली तरी चालले, परसातली पाने मात्र हवी होती.

बी

आता त्या हरवलेल्या पडवळाची गोष्ट पुरी करते. आमच्या घरच्या पडवळाचे वाण सासूबाईंच्याही सासूच्या वेळचे. अंगावर पांढरे पट्टे आणि लांबी चांगली चार हात. दरवर्षी वेलावरचे दुसरे किंवा तिसरे निर्दोष फळ त्या बियांसाठी राखीत. त्याला लाल दोरा बांधलेला असे, म्हणजे कोणी चुकून तोडू नये. ते वेलावरच पिकून नारिंगी झाले की बी काढून, धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून वाळलेल्या दुधीच्या भोपळ्यात भरीत आणि तो भोपळा चुलीवरच्या उतरंडीला टांगीत. त्या आजारी पडल्या त्या वर्षी लाल दोरा बांधायचे कोणाच्याच मनात आले नाही. पडवळे आली, भाजी झाली, माटोळीही झाली. आणि पुढच्या वैशाखात भोपळा उघडला तेव्हा आत नुसती राख होती. विकतचे बी लावले, त्याची पडवळे वीतभर लांबीची निघाली. माटोळीला मग बाजारचे आणावे लागले. चूक सर्वस्वी आमची होती. चार पिढ्यांचे वाण एका पावसाळ्यात, कोणी न तोडता, न जाळता, केवळ आठवण न राहिल्यामुळे गेले.

त्या चवथीला पलीकडच्या वाड्यावरील एक वृद्ध आजी गणपती पाहायला आल्या होत्या. माटोळीकडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, “अगे, तुमचे ते पट्ट्यांचे पडवळ कुठे गेले?” मी खरे ते सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू एक कागदी पुडी घेऊन आला. आत दहाबारा बिया होत्या. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्याच माटोळीखाली उभे राहून त्यांनी सासूबाईंकडे ते वाण मागितले होते आणि तेव्हापासून त्यांच्या परसात ते न चुकता होत होते. निरोप असा होता, “तुझ्या सासूनेच दिलेले हे. आता तुझ्याकडे परत.”

पुडी सासूबाईंच्या हातावर ठेवली. त्यांनी एकेक बी बोटाने सरकवून मोजले आणि दोन बिया बाजूला काढून म्हणाल्या, “या शेजारी दे. सगळे आपल्याकडे ठेवू नकोस.” त्या वेळी मला त्यांचे म्हणणे विचित्र वाटले होते. आज कळते की बी जपण्याचा तोच एक खात्रीचा मार्ग आहे. आपल्या घरचे वाण आपल्याच डब्यात ठेवले तर आपल्या एका आजारपणात ते संपते. पाच घरांत दिले तर पाचही घरे एकदम विसरत नाहीत. माटोळी उंच, सगळ्यांना दिसेल अशी टांगण्याचा उपयोग हाही असला पाहिजे. चवथीच्या दिवसांत घरोघर जाणारी माणसे वर पाहतात, चांगले फळ कोणाकडे आहे ते ध्यानात ठेवतात आणि निघताना बी मागतात.

बियाण्यासाठी दोनचार गोष्टी पाळाव्यात. माटोळीला टांगलेले हिरवे फळ बियांना उपयोगी नसते. फळ वेलावरच पूर्ण पिकले पाहिजे. तवशे पिवळेतांबूस होऊन सालीला जाळी पडेपर्यंत, दोडका वाळून आत बिया खुळखुळेपर्यंत राहू द्यावा. बी वेलावरच्या सर्वांत शेवटच्या रोगट फळाचे न घेता ऐन बहरातल्या फळाचे घ्यावे. शेजारी शेजारी दोन जातींची पडवळे असतील तर बी मिश्र होते, म्हणून एक मादीफूल आदल्या दिवशी बांधून ठेवावे आणि उमलल्यावर आपल्याच वेलाचा पराग त्याला द्यावा. आता चूल नाही आणि उतरंडही नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत तळाशी भाजलेले तांदूळ घालून वर बियांची पुडी ठेवली आणि झाकण घट्ट लावले तर पावसाळी दमटपणातही बी दोन वर्षे चांगले राहते. पुडीवर नाव आणि साल लिहावे.

गोव्याबाहेरच्या घरांसाठी

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबाद येथील वाचकांच्या घरी माटोळी नसेल, पण ऋषिपंचमी आहेच. त्या दिवशीची भाजी बैलाच्या कष्टाची नसावी, हाताने लावलेली असावी असा आपला संकेत. अळू, भेंडी, पडवळ, दोडका, काकडी, लाल भोपळा, माठ, मक्याची कणसे, सुरण. म्हणजे ती भाजी मुळातच परसाची, आणि तीही चवथीच्या दुसऱ्याच दिवशी. मागे दिवस मोजण्याची रीत तेथेही तीच. फरक पावसाचा. त्या शहरांत मोसमी पाऊस गोव्यापेक्षा उशिरा पोचतो आणि वर्षभरात १००० मिलिमीटरच्या आतबाहेरच पडतो. मध्ये उघडीप मिळते, ऊन पडते, म्हणून दहाबारा दिवसांची जी भर आपण येथे घालतो ती तेथे बहुधा लागत नाही. उंचवटे लहान केले तरी चालतात. उलट पावसात खंड पडला तर पाणी द्यावे लागते. बेळगावकरांची स्थिती या दोहोंच्या मधली. खानापूरच्या बाजूला गोव्याची रीत धरावी, पूर्वेकडे कोरड्या भागाची.

ज्यांच्याजवळ केवळ गॅलरी आहे त्यांनीही निराश होऊ नये. एका मोठ्या कुंडीत भेंडीची दोन झाडे, एकीत हळद आणि गजाला चढवलेला कारल्याचा एक वेल एवढे ज्यांना दिवसातून चारपाच तास ऊन मिळते त्यांना सहज जमते. कुंडीच्या तळाचे भोक मात्र बुजू देऊ नये.

चवथ होऊन माटोळी उतरली की परस संपत नाही. वेल काढलेल्या जागी हस्ताचा पाऊस ओसरल्यावर तांबडी भाजी, मुळा, नवलकोल, वांगी आणि मिरची यांचे वाफे तयार करावेत. थंडीचा तो हंगाम वेगळा आणि सोपाही. त्याविषयी पुन्हा कधी.

सासूबाई आता नाहीत. माटोळी बांधून झाली की शिडीखाली उभे राहून तो प्रश्न आता मी विचारते. मागील वर्षी उत्तर चौदा आले. त्यांतील एक पडवळ पट्ट्यांचे होते आणि मांडवावर दुसरे एक, लाल दोरा बांधलेले, अजून पिकत होते.